गोल्ड स्पॉट का बंद झालं?



उन्हाळ्यातल्या लग्नात सूर्यास्ताआधी पंगती उठायच्या आणि मांडवाच्या कोपऱ्यात बर्फाच्या टबात थंड बाटल्या बुडवलेल्या असायच्या, हे आपल्या वयाच्या सगळ्याजणींना आठवत असेल. मुलांचा हात आधी नारंगी बाटलीकडे जायचा. ते गोल्ड स्पॉट. पुढे ते लोकांना आवडेनासं झालं म्हणून गेलं, असं बऱ्याचजणी म्हणतात. मी कॉमर्सची, म्हणून त्यामागचा व्यवहार सांगते.

१९७७ साली कोका-कोलाने भारत सोडला. फेरा कायद्याप्रमाणे परदेशी कंपनीला इथला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायचा होता, शिवाय कोला बनवण्याचं गुपित इथे द्यावं असा सरकारचा आग्रह होता. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. कंपनीने जाणं पसंत केलं.

त्या मोकळ्या जागेत पार्लेचं थम्स अप आलं, दिल्लीचा कॅम्पा कोला आला. सरकारनेही म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेकडून कोला तयार करवून घेतला आणि ब्रेड बनवणाऱ्या मॉडर्न या सरकारी कंपनीने तो बाजारात आणला. नाव ठेवलं डबल सेव्हन, म्हणजे सत्तांतराचं साल ७७. १९८० मध्ये इंदिरा गांधी परत निवडून आल्या आणि पुढे डबल सेव्हनही दिसेनासं झालं.

१९९३ मध्ये कोका-कोला परत आली. तिने पार्लेच्या रमेश चौहान यांच्याकडून थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट, सिट्रा आणि माझा ही नावं विकत घेतली. नावाबरोबर बाटल्या भरणाऱ्या कारखान्यांचं जाळं आणि दुकानादुकानांत मिळालेली जागाही हाती येते. खरी किंमत त्याची.

आता नव्या मालकाच्या बाजूने हिशेब करा. संत्र्याच्या चवीचं फँटा त्यांचं स्वतःचं होतं, सिट्रासारखं पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं स्प्राइटही होतं. एका फळीवर सारख्या चवीच्या दोन बाटल्या ठेवून दोघींच्या जाहिरातीचा खर्च कोण करील? गोल्ड स्पॉट आणि सिट्रा बंद झाली. लिम्का राहिलं. थम्स अपलाही मागे सारण्याचा प्रयत्न झाला, पण गिऱ्हाईक हलेना. शेवटी कंपनीने तेच पेप्सीसमोर उभं केलं.

म्हणजे गोल्ड स्पॉट बेचव नव्हतं. ते अशा मालकाकडे गेलं, ज्याच्या घरात त्याची जागा आधीच भरलेली होती. कॅम्पाचं नाव मात्र रिलायन्सने घेऊन २०२३ मध्ये पुन्हा बाजारात आणलं. कागदावर नाव शिल्लक असलं की असं होऊ शकतं.

आपल्या स्वयंपाकघरातल्या चवींचं तसं नाही. कैरीचं पन्हं, कोकमचं सरबत, बडीशेप-खडीसाखरेचं पाणी यांची कुठे नोंदणी नाही. त्यांना कुणी विकत घेऊन बंद करणार नाही, आणि आपण करायचं सोडलं तर कुणी परतही आणणार नाही. सुनेला, नातीला प्रमाण तोंडी सांगून भागत नाही. या उन्हाळ्यात तिला शेजारी उभं करा, गूळ किती आणि वेलची किती ते तिच्याच हाताने घालू द्या, आणि वहीत तिच्या अक्षरात लिहून घ्या.