पांडवांचा पत्ता शिवारातला

मार्गशीर्ष अमावस्येला लातूरची बाजारपेठ ओस पडते. जिल्हाधिकारी त्या दिवशी स्थानिक सुटी जाहीर करतात. पण रस्ते रिकामे होतात ते सुटीमुळे नव्हे, येळवशीमुळे, म्हणजे वेळ अमावस्येमुळे. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेली मुलं दिवाळी चुकवतील, वेळ अमावस्या चुकवायला मात्र कचरतात. एकत्र कुटुंबं मोडली, वाटण्या झाल्या, तरी हा एक दिवस का टिकला? माझं उत्तर सरळ आहे. या सणाचा देव घरात नाही, रानात आहे. घर बदलता येतं, फ्लॅटमध्ये देवघर मांडता येतं. या सणात पुजले जाणारे पांडव मात्र आपल्याच बांधाच्या आत बसवावे लागतात. दर्शनाला यायचं तर सगळ्यांना एकाच मातीवर यावं लागतं.

या श्रद्धेचं मूळ आजच्या जिल्ह्यांपेक्षा जुनं आहे. कानडीत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ आणि ‘एळु’ म्हणजे सात. ‘येळवस’ची व्युत्पत्ती या दोन्हींवरून सांगितली जाते. ‘वेळ’ हे नंतरचं मराठी वळण असावं, असं मला वाटतं, कारण हाच सण सीमेपलीकडे बीदर-कलबुर्गीतही आहे. राष्ट्रकूट स्वतःला लत्तलूरपुराचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवत. नांदेड जिल्ह्यातलं कंधार त्यांचंच नगर होतं. पुढे कल्याणीच्या चालुक्यांचा अंमल आला, मग बहामनी, मग निजाम. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. भाषावार प्रांतरचनेत ते मराठवाड्यात आले, नांदेडचा मुधोळ-भैंशाचा भाग तेलुगू मुलखात गेला, 1982 मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला. नकाशा इतक्यांदा फाडला आणि जोडला गेला, पण पूजेची मांडणी राहिली. ती राहिली, कारण तिला राजाश्रय नको होता, भटजीही नको होता. हवी होती ती उभी ज्वारी.

मांडणी अशी असते. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, वर शाल किंवा लुगडं पांघरायचं, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडायचे. हेच पांडव, शेजारी लक्ष्मी. घोंगडी पांघरून घरातला पुरुष आंबिलीचं बिंदगं, म्हणजे भांडं, डोक्यावर घेऊन येतो. ताकात ज्वारीचं पीठ आंबवलेली ही आंबील. भज्जीत तुरीचे सोले, ओला हरभरा, वाल, वाटाणा, चिंच, म्हणजे त्या आठवड्यात रानात जे जे भरलं ते सगळं. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. नैवेद्य दाखवून पिकावर आंबील शिंपडतात, मगच पंगत बसते. दिवस मावळताना पेटती पेंढी, म्हणजे हेंडगा, शेताभोवती फिरवतात. आदल्या दिवशी लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची देवसवारी निघालेली असते. नांदेडकरांची जत्रा आणि येळवस अशी पाठोपाठ येते.

‘आता ही निव्वळ सहल झाली, श्रद्धा कुठे उरली?’ असं काहीजण म्हणतात. सहलीला जागा कोणतीही चालते, इथे चालत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात किल्लारी परिसरातली घरं देवघरांसकट ढिगाऱ्यात गेली, गावठाणं दुसरीकडे वसवली गेली. शिवार मात्र जिथल्या तिथे होतं, आणि पांडवांचा पत्ताही. ज्याला जमीनच नाही त्याचं काय, हा प्रश्न अधिक टोकदार आहे. येळवशीला वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात, कोणत्याही जातीधर्माच्या माणसाला परत पाठवत नाहीत, हे खरं. पण पाहुणा म्हणून जेवणं आणि धनी म्हणून पूजा करणं यांत अंतर आहे, ते भाविकतेने झाकू नये. तिसरा आक्षेप बायकांच्या कष्टांचा, तो मला पूर्ण मान्य आहे. बायका चतुर्दशीची रात्र चुलीपाशी जागून काढतात आणि पंगतीला शेवटी बसतात. बिंदगं वाहण्याचा मान पुरुषाचा असेल, तर उंडे वळण्याचं कामही त्याने घ्यावं. त्याने परंपरा बाटत नाही.

खरं संकट वेगळंच आहे. लातूर आज सोयाबीनची मोठी बाजारपेठ आहे आणि ज्वारी मागे हटली आहे. कोपीला कडबा विकत आणावा लागला, तर ज्या पिकासाठी हे सगळं होतं तेच पूजेतून गेलं. म्हणून यंदा सोयाबीन निघालं की बांधाकडेला चार तासं तरी ज्वारी पेरा. पोरं येतील तेव्हा आंबील शिंपडायला पीक उभं पाहिजे.