हवा खाणारा प्राणी आणि त्याचा पिंजरा : शॅमेलिऑन पाळण्याचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाने सरड्याच्या पिंजऱ्यावर काय बोलायचं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की प्राणी म्हणजे काय याबद्दल आपली जी कल्पना असते, तिच्यानुसारच आपण त्याला ठेवतो, खाऊ घालतो, आणि पुष्कळदा मारतोही. हे ज्या प्राण्याच्या बाबतीत स्पष्ट दिसतं, तो शॅमेलिऑन. त्याच्याबद्दलची एक चुकीची कल्पना दीड हजार वर्षांहून अधिक काळ टिकली. त्या कल्पनेचा, आणि ती सुटत गेली तसा त्याचा पिंजरा कसा बदलला, याचा इतिहास आज पाहू.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्या कुंपणावर मान हलवत बसतो तो बागेतला सरडा. विणीच्या दिवसांत त्याचं डोकं लाल होतं, म्हणून आपण ‘सरड्यासारखा रंग बदलतो’ म्हणतो. शॅमेलिऑन हा वेगळ्या कुळातला. आपल्याकडे त्याची एकच जात सापडते. मराठीत तिला घोयरा म्हणतात, सरडगुहिरा असंही नाव आहे. चिमट्यासारखे पाय, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली शेपटी, दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरणारे डोळे आणि शरीराहूनही लांब जाणारी जीभ. जगात त्याच्या दोनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या एकट्या मादागास्कर बेटावर आहेत.

आपल्या परंपरेत सरड्याकडे सरडा म्हणून फारसं कुणी पाहिलं नाही. नृग राजा शापाने सरडा होऊन विहिरीत पडला आणि कृष्णाने त्याला सोडवलं, ही कथा महाभारतात आहे, भागवतातही आहे. तिथे सरडा म्हणजे शिक्षा. वाक्प्रचारात सरडा म्हणजे बेभरवशाचा माणूस. दोन्ही ठिकाणी तो दुसऱ्या कशाची तरी खूण आहे. युरोपातही हेच झालं, फक्त तिथे खूण निराळी होती.

सुरुवात मात्र तिथे चांगली झाली होती. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात शॅमेलिऑनचं वर्णन केलं. ते आजही वाचण्यासारखं आहे. डोळ्यांभोवतीची कातडी, डोळा सगळीकडे फिरवण्याची क्षमता, दुभागलेले पाय, कासवासारखी संथ चाल, हिवाळ्यात दडून राहणं, हे सगळं त्यात आहे. प्राणी चिरल्यावरही बराच वेळ श्वास घेत राहतो, असंही त्याने नोंदवलं. म्हणजे हे वर्णन जिवंतपणी चिरलेल्या प्राण्याचं आहे. पण एक गोष्ट त्यात नाही : जीभ. तो खातो कसा, याबद्दल ॲरिस्टॉटल काही बोलत नाही.

ही रिकामी जागा पुढच्यांनी भरली. रोमन कवी ओव्हिडने शॅमेलिऑन वाऱ्यावर जगतो असं लिहिलं. पहिल्या शतकात प्लिनीने आपल्या निसर्गाच्या कोशात ते पक्कं केलं : हा प्राणी खात नाही, पीत नाही, हवेवर जगतो. मग काय, मध्ययुगभर तेच चाललं. शेक्सपिअरचा हॅम्लेटसुद्धा आपण शॅमेलिऑनसारखे हवेवर जगतो, अशी कोटी करतो. प्रेक्षकांना ती समजत होती, याचा अर्थ ही समजूत सर्वांच्या परिचयाची होती.

आता हे लोक मूर्ख होते, असं म्हणून सोडून देऊ नका. त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. शॅमेलिऑन बराच काळ अन्नाशिवाय तग धरू शकतो. तो तोंड उघडतो, अंग फुगवतो. जिभेची फेक इतक्या वेगाने होते, की नजर दुसरीकडे असेल तर ती दिसतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, समोर वाटीत पाणी ठेवलं तरी तो बहुधा ते पीत नाही. त्याचं पाणी म्हणजे पानावरचे थेंब, दव आणि पाऊस. साचलेलं, न हलणारं पाणी त्याला पाणी म्हणून जाणवतच नाही. तेव्हा ज्याने वाटी ठेवली आणि ती तशीच भरलेली पाहिली, त्याने ‘हा पीत नाही’ असा निष्कर्ष काढला. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक. त्या प्राण्याच्या जगात वाटी नावाची वस्तूच नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

आणि निष्कर्ष चुकला की त्याची किंमत प्राणी मोजतो. जो हवेवर जगतो त्याला अन्नपाणी देण्याची गरजच काय? त्यात शॅमेलिऑन लगेच मरत नाही, हळूहळू वाळत जातो. त्यामुळे पाळणाऱ्याला आपली कल्पना काही आठवडे खरीच ठरल्यासारखी वाटते.

सोळाव्या शतकात फ्रेंच प्रवासी पिएर बेलाँने पूर्वेकडच्या देशांत हे प्राणी प्रत्यक्ष पाहिले आणि ते माश्या खातात असं लिहिलं. १६४६ मध्ये इंग्रज वैद्य टॉमस ब्राऊन यांनी लोकभ्रमांवरच्या आपल्या ग्रंथात या समजुतीला एक अख्खं प्रकरण दिलं. त्यांचा युक्तिवाद मला फार आवडतो, कारण तो साधा आहे. या प्राण्याला दात आहेत, जठर आहे, आतडी आहेत आणि एवढी मोठी जीभ आहे. हवा खायला एवढी सामग्री कशाला? मग १६६९ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीतल्या क्लोद पेरो यांनी शॅमेलिऑनच्या विच्छेदनाचा सविस्तर वृत्तांत छापला. हे गृहस्थ वैद्य होते आणि वास्तुशिल्पीही. परीकथा लिहिणारे शार्ल पेरो त्यांचे भाऊ.

इथे एका बाईंचं नाव घ्यायला हवं. मादलेन द स्क्युदेरी या त्या काळातल्या प्रसिद्ध कादंबरीकार. १६७२ मध्ये त्यांच्याकडे इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून शॅमेलिऑन आले. बाईंनी ते घरात पाळले, त्यांचं वागणं बघितलं आणि १६८८ मध्ये ‘दोन शॅमेलिऑनांचा इतिहास’ या आशयाच्या नावाने तो वृत्तांत प्रसिद्ध केला. ‘इतिहास’ हा शब्द लक्षात घ्या. त्याच शतकात देकार्तने प्राणी म्हणजे यंत्र, असं मांडलं होतं. घड्याळाला इतिहास नसतो, फार तर बिघाड असतो. स्क्युदेरीबाई देकार्तच्या या मताच्या विरोधात होत्या, आणि हे दोन लहान जीव त्यांच्या बाजूचे साक्षीदार झाले. अकादमीत शॅमेलिऑन टेबलावर होता, बाईंकडे तो घरात होता. ज्ञान दोन्हीकडे मिळालं, पण प्राण्याला कसं ठेवावं हा प्रश्न फक्त दुसऱ्या ठिकाणी उभा राहू शकतो.

एकोणिसाव्या शतकात प्राणी ठेवण्याच्या संस्था उभ्या राहिल्या. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातलं पहिलं स्वतंत्र घर उघडलं. १८५३ मध्ये तिथेच मत्स्यालय आलं. तेव्हापासून काचेची पेटी ही लहान प्राण्याची नेहमीची जागा झाली. बघणाऱ्याला ती सोयीची. पण शॅमेलिऑनला कोंदट हवा सोसत नाही आणि काचेत दिसणारं स्वतःचं प्रतिबिंब त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतं. हा एकांडा प्राणी. दुसरा शॅमेलिऑन सतत नजरेसमोर असणं हाच त्याला मोठा ताण. त्याच शतकाच्या अखेरीस अमेरिकेत सर्कशीबाहेर ‘शॅमेलिऑन’ म्हणून दुसऱ्याच जातीचे छोटे हिरवे सरडे विकले जात. गळ्यात बारीक साखळी, आणि ती पोशाखावर टाचणीने टोचलेली. जिवंत दागिना. यावर काही भाष्य करायची गरज नाही.

रंगाचंही थोडं बोलू, कारण पाळणाऱ्यासाठी तो फार महत्त्वाचा. शॅमेलिऑन ज्या वस्तूवर बसेल तिचा रंग घेतो, ही दुसरी लोकप्रिय समजूत. १८५२ मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ब्रुके यांनी आफ्रिकी शॅमेलिऑनच्या रंगबदलावर मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे याच ब्रुकेंच्या प्रयोगशाळेत तरुण फ्रॉइड काम करत होता. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की पँथर शॅमेलिऑनच्या कातडीतल्या काही पेशींत ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. त्यांच्यातलं अंतर बदललं की परावर्तित प्रकाशाचा रंग बदलतो. कातडी शिथिल असताना हिरवा दिसणारा नर उत्तेजित झाला की पिवळा-नारिंगी होतो. थोडक्यात, रंग त्याच्या अवस्थेतून येतो : थंडी, राग, भीती, मीलनाची तयारी. सकाळी गारठलेला प्राणी ऊन शोषण्यासाठी काळपट होतो. पण दिवसभर उबेत असूनही तो काळाच राहिला, तर काहीतरी बिघडलं आहे. माणसाबाबत रंग बदलणं म्हणजे लबाडी असं आपण म्हणतो. या प्राण्याचा रंग मात्र त्याच्या मनःस्थितीचा बराच प्रामाणिक दाखला असतो.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. खरी क्रांती इथे झाली. १९४४ मध्ये रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटी सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शीत रक्ताचे म्हणून हिणवले जाणारे हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून स्वतःचं तापमान बऱ्याच काटेकोरपणे सांभाळतात, हे त्यातून पुढे आलं. याचा पिंजऱ्यासाठी अर्थ काय? पूर्ण पिंजरा एकाच तापमानावर ठेवणं चूक. वर उबेची जागा हवी, खाली गारवा हवा, आणि कुठे बसायचं हे प्राण्यानेच ठरवायचं.

दुसरा धडा प्रकाशाचा. १९१९ मध्ये जर्मन डॉक्टर कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना अतिनील किरणांनी बरं केलं. त्या किरणांमुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि त्याशिवाय शरीराला कॅल्शियम नीट घेता येत नाही. घरात ठेवलेल्या शॅमेलिऑनांचीही हाडं मऊ पडत, पाय वाकत, जबडा लिबलिबीत होई. खिडकीतलं ऊन तर येतंय, मग असं का? कारण खिडकीची काच नेमके तेच किरण अडवते. २००३ मध्ये गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी पँथर शॅमेलिऑनवर एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांच्या आहारात ड जीवनसत्त्व कमी होतं ते अतिनील प्रकाशात जास्त वेळ गेले. ज्यांना भरपूर मिळत होतं ते कमी गेले. निवड दिली, तर प्राणी आपली गरज आपणच भागवतो. यंत्र म्हणून हिणवलेल्या जिवाने दिलेलं हे उत्तर देकार्तला ऐकवायला हवं होतं.

या सगळ्याचं सार आजच्या चांगल्या पिंजऱ्यात दिसतं. आज सर्वांत जास्त पाळली जाणारी जात म्हणजे येमेन आणि सौदी अरेबियातला व्हेल्ड शॅमेलिऑन. त्याच्या एका प्रौढ नरासाठी साधारण साठ सेंटिमीटर लांब-रुंद आणि एकशेवीस सेंटिमीटर उंच जाळीचा पिंजरा धरतात. उंची महत्त्वाची, कारण उंचावर त्याला सुरक्षित वाटतं. आत मनी प्लांट, जास्वंद अशी खरी झाडं, आडव्या-तिरप्या फांद्या. वर उबेची जागा तीस अंशांच्या आसपास, रात्री गारवा. अतिनील किरणांची नळी, आणि ती ठरावीक मुदतीने बदलायची, कारण उजेड दिसत असला तरी किरण कमी होत जातात. पाण्याची फवारणी पानांवर. रातकिडे द्यायचे, पण आधी त्यांना चांगला पाला खाऊ घालून आणि वर कॅल्शियमची पूड लावून. मादी असेल तर ओलसर वाळूचा खोल डबा हवाच. नर नसतानाही ती अंडी धरते, आणि उकरायला जागा मिळाली नाही तर ती अंडी आत अडकून मरू शकते. आणि एका पिंजऱ्यात एकच. हातात घेऊन कुरवाळायचा हा प्राणी नाही.

या यादीतली एकेक ओळ अनेक मेलेल्या प्राण्यांकडून शिकलेली आहे. ते प्राणी आले कुठून, हेही विचारलं पाहिजे. १९७२ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर केनियाहून आणलेले जॅक्सन शॅमेलिऑन अंगणातून निसटले आणि आज ते तिथल्या रानात पसरले आहेत. १९७७ पासून अनेक जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर ‘साइटीस’ कराराचं नियंत्रण आलं. १९९५ मध्ये मादागास्करच्या मोजक्या चार जाती सोडून तिथल्या बहुतेक मोठ्या शॅमेलिऑनांची निर्यात थांबवली गेली. तिथलीच लाबोर्डी नावाची एक जात अंड्यातून बाहेर आल्यावर जेमतेम चार-पाच महिने जगते. तिच्या आयुष्याचा मोठा भाग अंड्यातच जातो. अशा जिवाला प्रवासाच्या पेटीत पंधरा दिवस घालवावे लागले, तर ते आपल्या हिशेबाने किती वर्षं झाली? विचार करा.

शेवटी तुमच्या मनातला प्रश्न : आपण पाळावा का? घोयरा पाळता येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, त्याला पकडणं आणि घरात ठेवणं दोन्ही गुन्हा. परदेशी जातींसाठीही २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीची व्यवस्था आणली आहे. पण कायद्याच्या पलीकडे जाऊन माझं म्हणणं असं. जाकोब फॉन उक्सक्युल या जीवशास्त्रज्ञाने सांगितलं, की प्रत्येक प्राण्याचं स्वतःचं असं एक जग असतं. त्याला जे जाणवतं तेवढंच त्या जगात असतं. पाळणं म्हणजे ते अख्खं जग आपण उभं करून देण्याची हमी घेणं. ती हमी पेलणारे लोक आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. बाकीच्यांनी घोयऱ्याचं जे जग आपल्याकडे आयतं उभं आहे तेवढं जपलं तरी पुष्कळ. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं आपण हसून म्हणतो. पण कुंपण झुडपांचं असेल तर ती धाव लहान नसते. तिथे किडे असतात, सावली असते, सकाळी पानांवर दव असतं. ते तोडून आपण तारा ओढतो, तेव्हा घोयऱ्याच्या वाट्याला खरोखरच फक्त हवा उरते. रस्ता ओलांडताना त्याची संथ, हिंदकळती चाल दिसली तर गाडी थांबवा, त्याला विषारी म्हणून दगड घालू नका. तो विषारी नाही.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.