शॉकअपमधलं तेल

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय.

गेल्या डिसेंबरात बाबांना मागे बसवून ताम्हिणी घाट उतरत होतो. रस्ता कोरडा, वेगही फार नाही. एका वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी थांबेचना. शेवटी डोंगराकडच्या गटारात घातली म्हणून वाचलो. बाबांचं मनगट मोडलं.

कारण गॅरेजमध्ये कळलं. पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गेलं होतं आणि तेल ओघळून थेट डिस्कवर येत होतं. दोन महिने ती काळी तेलकट रेघ मला दिसत होती. फडक्याने पुसायचो आणि ऑफिसला पळायचो. वर मोठेपणा असा, की त्याच दिवसांत मागे महागडा नवा शॉकअप बसवून घेतला होता! पुढचं तेल मात्र गाडी घेतल्यापासून बदललं नव्हतं.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. हे तेल तिथे घालायचं मुळात का सुचलं?

जुन्या मोटरसायकलींचं मागचं चाक फ्रेमला सरळ घट्ट बसवलेलं असायचं. मागे धक्का झेलायला फक्त सीटखालच्या स्प्रिंगा. पुढे गर्डर फोर्क आणि त्याला एक मोठी स्प्रिंग. आता नुसती स्प्रिंग असली की खड्डा गेल्यावरही गाडी उड्या मारत राहते. त्या उड्या मारायला एकमेकींवर दाबलेल्या चकत्या असत आणि बाजूला घट्ट-सैल करायची कळ. पण चकत्यांचं घर्षण वेग बघत नाही. बारीक खडीवर ते नको तितकं अडवतं आणि मोठ्या खड्ड्यात कमी पडतं. तेलाचं बरोबर उलट. सिरिंज आठवा: हळू दाबली तर पाणी सहज जातं, जोरात दाबली तर हाताला अडतं. म्हणजे जेवढा धक्का, तेवढाच विरोध. मला तर हे कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा देखणं वाटतं.

१९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर१२ आणि आर१७ या गाड्यांना असा तेल भरलेला टेलिस्कोपिक फोर्क दिला. (डेन्मार्कच्या निंबसने आदल्याच वर्षी नळीत नळी सरकणारा फोर्क आणला होता, पण त्यात तेलाची ही करामत नव्हती.) नळी सरकणार आणि तेलही आत राहणार, म्हणजे तोंडाशी रबरी सील हवंच. माझं गेलं ते हेच.

मागच्या चाकाला जास्त वेळ लागला. चिमटा, म्हणजे स्विंगआर्म, वळणावर लचकेल अशी बऱ्याच रायडरांना भीती होती. १९४८ मध्ये इटलीत सॅन रेमोला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. ब्रिटनच्या विजयी टीममध्ये चिमटा आणि दोन शॉकअपवाल्या रॉयल एनफिल्ड बुलेट होत्या. पुढे तीच बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली. आपल्या आजोबांच्या पिढीला ‘गादीसारखी गाडी’ मिळाली ती अशी.

मग एक शॉकअपवाली मोनोशॉक. ती बेल्जियमच्या लुसियाँ टिल्केन्स या इंजिनिअरची कल्पना. यामाहाने ती घेतली आणि १९७३ मध्ये हाकान अँडरसनने त्यावर २५० सीसी मोटोक्रॉसचं जगज्जेतेपद मिळवलं. चाकाला वर-खाली जायला जास्त जागा मिळाली, उड्या मोठ्या झाल्या, आणि शॉकअपला कामही वाढलं. सतत घुसळून तेल तापतं, त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेस काहीच अडवत नाही. म्हणून दाबाखाली नायट्रोजन भरायचा. गॅस शॉकअप म्हणतात ते हेच. त्यातही तेल असतंच, बरं का.

आपल्याकडे २००८ मध्ये यामाहा आर१५ मोनोशॉक घेऊन आली. २०१२ मध्ये चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूक २०० ला उलटे फोर्क होते. मी तेव्हा शाळेत होतो, आणि अपग्रेडचं वेड तिथूनच लागलं.

गॅरेजवाल्या काकांनी माझ्या फोर्कमधलं तेल ट्रेमध्ये ओतलं. काळंकुट्ट, गटारासारखा वास, तळाशी चकाकणारा धातूचा चुरा. ‘‘मागे एवढे पैसे घातलेस, पुढे दोन सील आणि थोडं तेल जड झालं होय?’’ मी गप्प. ट्रे बाबांनीही वाकून बघितला, प्लास्टरचा हात छातीशी धरून.

प्लास्टर निघालं. परवा ताम्हिणीलाच जायचं ठरलं. बाबा माझ्या आधी पार्किंगमध्ये उतरले, दोन्ही नळ्यांवर बोट फिरवलं, बोट उजेडात धरून बघितलं, आणि मगच मागे बसले.