बोटाचं एक पेर

वडखळ नाका म्हटलं की मुंबई-पुण्याच्या माणसाला दोनच गोष्टी आठवतात: ट्रॅफिक आणि अलिबागचा फाटा. पण त्या फाट्याला वळलं की थोड्याच वेळात धरमतरची खाडी लागते, आणि आपल्याकडच्या पोहण्याच्या इतिहासात तिला मोठा मान आहे. धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया, साधारण ३६ किलोमीटर! आम्ही त्याच पट्ट्यातले, त्यामुळे पोहणं म्हणजे दम, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. ओहोटी कधी लागते ते बघायचं, तिच्याबरोबर खाडीतून बाहेर पडायचं, अंगातली ताकद पुरवून पुरवून वापरायची. भरती-ओहोटीचं गणित फसलं तर कितीही हात मारा, गेटवे काही जवळ येत नाही.

आता याच्या बरोबर दुसरं टोक बघू. ५० मीटर फ्रीस्टाइल. इथे पुरवून वापरायला वेळच नाही.

ही शर्यत तशी नवीन. पूर्वी वेगाची कसोटी म्हणजे १०० मीटर. जॉनी वाइसम्युलरने १९२२ मध्ये ते अंतर पहिल्यांदा एका मिनिटाच्या आत पार केलं. १९५१ च्या दिल्ली एशियाडमध्ये सचिन नाग यांनी १ मिनिट ४.७ सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. १०० मीटरमध्ये थोडी तरी स्ट्रॅटेजी असते. पहिल्या ५० मध्ये उडीचा फायदा मिळतो, दुसरे ५० साधारण दीड-दोन सेकंदांनी हळू जातात. पहिल्या भागात किती उधळायचं आणि परतीसाठी किती राखायचं, हा सगळा हिशोब. १९८८ मध्ये सोलला ५० मीटर ऑलिंपिकमध्ये आली, मॅट बियाँडीने २२.१४ सेकंदांचा विश्वविक्रम करून ती जिंकली आणि हा हिशोबच बाद झाला.

मग उरतं काय? आपल्या भाषेत सांगायचं तर प्रत्येक मिलिसेकंदाचं ऑप्टिमायझेशन. पाण्याचा विरोध ढोबळमानाने वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे थोडा जास्त वेग हवा असेल तर ताकद त्याहून कितीतरी जास्त लागते. उडीचा वेग हाच शर्यतीतला सर्वात मोठा वेग, म्हणून तो पाण्याखाली जमेल तितका टिकवायचा; पण नियमाप्रमाणे १५ मीटरपर्यंत डोकं वर आलंच पाहिजे. श्वासासाठी मान वळवली की शरीराची सरळ रेघ मोडते, म्हणून बरेच जण पूर्ण शर्यतीत एखादाच श्वास घेतात, काही जण तोही नाही. आणि शेवटचा हात अर्धवट न पडता बरोबर भिंतीवर पडला पाहिजे.

हे सगळं आपल्या मातीतल्या एका माणसाने करून दाखवलंय. कोल्हापूरचा वीरधवल खाडे. २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला गेला तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा होत होता. २०१० मध्ये ग्वांगझू एशियाडमध्ये ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ. १९८६ च्या खजानसिंगनंतर पोहण्यात एशियाडचं पदक भारताला तब्बल २४ वर्षांनी मिळालं! पुढे तो महाराष्ट्र शासनात तहसीलदार झाला आणि मधली काही वर्षं पोहण्यापासून लांब राहिला.

मग आला ऑगस्ट २०१८, जकार्ता एशियाड. ५० मीटर फ्रीस्टाइलच्या हीटमध्ये वीरधवलने २२.४३ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा २२.५२ चा विक्रमही त्याचाच, २००९ चा. म्हणजे ०.०९ सेकंद कमी करायला नऊ वर्षं! फायनलमध्ये जपानच्या नाकाओने २२.४६ मध्ये ब्राँझ घेतलं. वीरधवल चौथा, २२.४७.

गणित मांडून बघा. या वेगाने ०.०१ सेकंद म्हणजे सुमारे दोन सेंटीमीटर. बोटाचं एक पेर. आणि हीटचीच वेळ फायनलमध्ये लागली असती तर पदक त्याचं होतं.

एक शतांशावर पदक ठरवणं अन्याय वाटतो ना? पण १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तर ४०० मीटर मेडलेचं सुवर्ण ०.००२ सेकंदांवर ठरलं होतं. तलावाच्या लेन काही इतक्या काटेकोर बांधता येत नाहीत, त्यामुळे नंतर हजारांश बंद झाले. म्हणूनच २००० मध्ये सिडनीला अँथनी अर्विन आणि गॅरी हॉल, दोघांचेही २१.९८, दोघांनाही सुवर्ण. त्याच अर्विनने २०१६ मध्ये रिओला ०.०१ सेकंदाने पुन्हा सुवर्ण जिंकलं.

पण मला खरा प्रश्न वेगळाच वाटतो. धरमतरच्या पाण्यात उतरलेला माणूस वाटेत चूक सुधारू शकतो. वेग कमी करेल, दिशा बदलेल. ५० मीटरवाल्याला ती सोय नाही. त्याची सगळी स्ट्रॅटेजी उडी मारायच्या आधीच होऊन गेलेली असते: कोणत्या वर्षी किती सराव झाला, तलाव मिळाला का, नोकरी सांभाळून किती दिवस पाण्यात उतरता आलं. ते पेरभर अंतर जकार्तात नाही, मधल्या वर्षांमध्ये कुठेतरी पडलं असावं.

आपण मात्र चार वर्षांतून एकदा टीव्ही लावतो आणि म्हणतो, 'अरेरे, थोडक्यात गेलं!'