विझणाऱ्या ज्योतीची सनावळी

तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला आणि तीस वर्षं मुलांची एकच तक्रार ऐकली. "बाई, सनावळ्या पाठ करून उपयोग काय?" काहीतरी उत्तर देऊन मी वेळ मारून नेत असे. खरं उत्तर मला निवृत्तीनंतर दहा वर्षांनी सापडलं, तेही साताऱ्यापासून हजारो मैलांवर, अंगाला साबण लावून गार पाण्याखाली उभी असताना!

2018 च्या डिसेंबरात मी न्यू जर्सीला लेकीकडे गेले होते. नातू चार महिन्यांचा होता. तिच्या घराच्या तळघरात, एका लहानशा खोलीत, पाणी तापवायची गॅसची टाकी आहे. 40 गॅलनची, म्हणजे आपले साधारण 150 लिटर. टाकीच्या तळाशी काचेआड एक बोटभर निळी ज्योत रात्रंदिवस तेवत असते. पाणी निवलं की हीच ज्योत मोठा बर्नर पेटवते. तिकडे तिला पायलट म्हणतात. मला मात्र देवळातला नंदादीप आठवला. आणि हा नंदादीप सारखा शांत होत होता. (आमची आजी दिवा 'विझला' म्हणू द्यायची नाही.)

मग जावई तळघरात जाणार, पाच-दहा मिनिटं थांबून गॅसचा वास येत नाही ना बघणार, एक बटण दाबून धरून ठिणगी पाडणार आणि मिनिटभराने बोट काढणार. "आई, आंघोळ जरा उशिरा केलीत तर चालेल का?" हे वाक्य नेहमीचंच झालं होतं.

ज्योत पेटल्यावरही मिनिटभर बटण कशाला दाबून धरायचं, हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. नातू झोपला की वाचत बसले, आणि या एवढ्याशा ज्योतीमागे केवढा इतिहास आहे ते कळलं.

आमच्या लहानपणी अंगणात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत गोवऱ्या नि लाकडं, भोवती पाणी, वर धूर. डोळे चुरचुरायचे, पण धूर दिसायचा तरी! 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि आइसलंडमधल्या उष्ण कारंज्यावरून त्याला 'गिझर' नाव दिलं. आपण आजही तोच शब्द वापरतो. पण जळलेला वायू बाहेर न्यायला त्या यंत्राला धुराडंच नव्हतं. पुढे 1889 च्या सुमाराला मूळचे नॉर्वेचे, अमेरिकेत पिट्सबर्गला स्थायिक झालेले एडविन रूड यांनी आपोआप तापणारी साठवणीची टाकी केली. लेकीच्या तळघरातली टाकी तिचीच पणती म्हणायची.

आता त्या बटणाचं उत्तर. 1821 मध्ये बर्लिनमध्ये झेबेक नावाच्या शास्त्रज्ञाने दोन वेगळ्या धातूंचे तुकडे जोडून त्यांचं कडं केलं. एक सांधा तापवल्यावर शेजारच्या होकायंत्राची सुई हलली. झेबेकला वाटलं, उष्णतेने चुंबकत्व आलं. खरं तर कड्यातून वीज वाहत होती, आणि तो अर्थ डेन्मार्कच्या अर्स्टेड यांनी लावला. निरीक्षण बरोबर, निष्कर्ष चूक... इतिहासात हे पावलोपावली दिसतं.

त्याच तत्त्वावर पायलटच्या ज्योतीत एक दांडी धरलेली असते, तिचं नाव थर्मोकपल. ती तापली की फार तर 20-30 मिलिव्होल्टची वीज तयार होते. आपल्या भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी! तेवढ्या बळावर एक चिमुकला विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. गंमत अशी की उघडलेली झडप धरून ठेवण्याइतकीच ताकद त्याच्यात असते, मिटलेली ओढून उघडण्याइतकी नसते. म्हणून सुरुवातीला माणसाचं बोट लागतं. ज्योत गेली की दांडी निवते, चुंबक झडप सोडून देतो आणि गॅस बंद होतो. म्हणजे ज्योत कोणत्याही कारणाने गेली तरी न जळलेला गॅस घरात साठत नाही.

जावयाने थर्मोकपल बदललं. बहुतेक वेळा दोष तिथेच असतो म्हणे. तीन दिवस बरे गेले. चौथ्या दिवशी पुन्हा गार पाणी.

मग मी माझं जुनं शस्त्र काढलं. स्वयंपाकघरात मी इथून नेलेलं कालनिर्णय लटकत होतं. इथे दुधाचा हिशेब लिहिते तसं, ज्योत ज्या दिवशी जाई त्या चौकोनात एक फुली मारायला लागले. 9 डिसेंबर, 12, 16, 19, 23. फुल्यांकडे बघताना एकदम लक्षात आलं, सगळे रविवार आणि बुधवार! आणि रविवारी नि बुधवारी आमच्याकडे कपडे धुतले जात.

कपडे वाळवायचं यंत्र त्याच खोलीत, टाकीला खेटून होतं. ते खोलीतली हवा ओढून घेऊन बाहेर फेकतं. आणि त्याच्या घरघरीने बाळ उठू नये म्हणून आम्ही खोलीचं दार घट्ट लावून घेत होतो. दार लावायची सूचना माझीच होती.

हे समजल्यावर मला घाम फुटला. कारण 2011 साली माझी एक विद्यार्थिनी अशीच गेली. थंडीचे दिवस, लहानशी न्हाणी, आत गॅसचा गिझर, आणि गारठा नको म्हणून लावून घेतलेली खिडकी. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंबाच्या धुरासारखे डोळे चुरचुरत नाहीत. त्या गिझरची ज्योत विझली नव्हती, ती जळतच राहिली. सातवीत पहिल्या बाकावर बसणारी मुलगी... असो.

दुसऱ्या दिवशी माहीतगार कारागीर बोलावला. त्याने दार लावलं, वाळवणी यंत्र सुरू केलं आणि पेटती काडी विझवून तिचा धूर टाकीच्या धुराड्याखाली धरला. धूर वर जायला हवा होता. तो खाली, खोलीत आला! जळलेला वायू बाहेर जायच्या ऐवजी घरात ओढला जात होता, आणि वरच्या मजल्यावर बाळ झोपलेलं. धोक्याची सूचना देणारं उपकरण घरात होतं, पण त्याची वेळ आली नव्हती. त्याआधीच ज्योत विझून सांगत होती.

टाकीच्या तळाची हवा आत घेणारी जाळीही कपड्यांच्या धाग्यांनी बुजली होती. ही जाळी दुहेरी कामाची. तिच्यातून हवा आत जाते, पण आतली ज्वाळा बाहेर येऊ शकत नाही. हे तत्त्व 1815 मधलं. इंग्लंडमध्ये 1812 साली फेलिंगच्या कोळसा खाणीतल्या स्फोटात 92 माणसं आणि मुलं मेली. पुढे हंफ्री डेव्ही यांनी दाखवलं की बारीक जाळीतून ज्वाळा पलीकडे जात नाही, कारण धातू तिची उष्णता शोषून घेतो. त्यातून खाणकामगारांचा सुरक्षादीप झाला. अमेरिकेत 2003 पासून घरगुती टाक्यांना हीच युक्ती लावतात. आणि डेव्हीचा दिवा खाणीत आपोआप मंदावला, विझला, तर कामगार तो पुन्हा पेटवत बसत नसत. आधी तिथून बाहेर पडत.

आम्ही मात्र पेटवत बसलो होतो.

गॅस बंद करून जाळी साफ केली. साधं दार काढून झडपांचं, हवा खेळती राहील असं दार बसवलं. त्यानंतर मी परत येईपर्यंत कालनिर्णयावर एकही फुली पडली नाही. बाळ घरघरीने दोन-तीनदा उठलं, रडलं. मी आनंदाने मांडीवर घेऊन बसले.

तुमच्याकडे गॅसचा गिझर असेल तर न्हाणीची खिडकी तेवढी उघडी ठेवा. गिझर न्हाणीबाहेर बसवता आला तर उत्तमच. आणि ज्योत सारखी जात असेल तर पेटवण्याआधी तारीख लिहून ठेवा. बाईंचा गृहपाठ समजा हवं तर.