ब्रुकलिनच्या प्रेक्षकांचा पहिला आठवडा

खेळांचा इतिहास लिहिणारे खेळाडूंच्या पराक्रमाची नोंद करतात आणि धांवांचे आंकडे जपून ठेवतात. त्या पराक्रमाकडे पाहणाऱ्या प्रेक्षकाच्या मनांत त्या दिवशीं काय चाललें होतें, याची नोंद मात्र बहुधा कोणी ठेवीत नाहीं. १९४७ सालच्या एप्रिल महिन्यांतील एक आठवडा याला अपवाद आहे. त्या आठवड्यांत न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन विभागांत बेसबॉलचा नवा हंगाम सुरू झाला, आणि जेवढी कसोटी मैदानावरील खेळाडूंची लागली तेवढीच बांकांवर बसलेल्या प्रेक्षकांचीहि लागली.

क्रिकेट जाणणाऱ्यास बेसबॉल समजणें अवघड नाहीं. प्रत्येक पक्षांत नऊ गडी असतात. मैदानांत एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार ठाणीं असतात. आलेला चेंडू टोलवावयाचा आणि ठाण्यांना वळसा घालून मूळ जागीं परत यावयाचें, म्हणजे एक धांव झाली. असे नऊ डाव खेळून निकाल लागतो. त्या काळीं प्रत्येक संघ एका हंगामांत १५४ सामने खेळत असे. इतक्या लांबच्या वाटचालींत पहिल्या चार-पांच सामन्यांची ती मातबरी काय, असें कोणी म्हणेल; परंतु पहिल्या आठवड्यांत प्रेक्षक धांवा मोजीत नसतो. हिंवाळाभर मनांत बाळगलेली आशा खरी कीं खोटी, हें तो पाहत असतो.

ब्रुकलिनकरांची आशा तर फारच जखमी झालेली होती. १८९८ सालापर्यंत ब्रुकलिन हें स्वतंत्र शहर होतें. पुढें तें न्यूयॉर्कमध्यें विलीन झालें, तरी आपण निराळे आहोंत हा अभिमान तेथील लोकांनीं सोडला नाहीं, आणि त्या अभिमानाची मोठी खूण म्हणजे त्यांचा ‘डॉजर्स’ हा बेसबॉल संघ. १९४१ सालीं हा संघ अखेरच्या मालिकेपर्यंत पोंचला आणि न्यूयॉर्कच्याच यांकीज संघाकडून हरला. १९४६ सालीं त्याची सेंट लुई संघाशीं बरोबरी झाली, आणि ती सोडविण्यासाठीं खेळलेले दोन्ही जादा सामने त्यानें गमावले. चाहते आपल्या संघाला लाडानें ‘बम्स’ म्हणजे ‘भणंग’ म्हणत. पुढच्या वर्षीं पाहून घेऊं, हें वाक्य तर तेथें दर शरद ऋतूंत ऐकूं येई. हिल्डा चेस्टर नांवाची एक बाई हातांत घंटा घेऊन मैदानावर येई, आणि तिचा तो घणघणाट सर्वांच्या परिचयाचा झाला होता. सारांश, येथील प्रेक्षक घरच्या माणसाप्रमाणें संघावर रागावे आणि घरच्या माणसाप्रमाणेंच त्याला जपे.

अशा या घरांत त्या वर्षीं एक नवा माणूस येणार होता. साठ वर्षांहून अधिक काळ अमेरिकेंतील बेसबॉलच्या प्रमुख संघांत एकाहि कृष्णवर्णीय खेळाडूला प्रवेश मिळाला नव्हता. तसा नियम कोठें लिहिलेला नव्हता. पण न लिहितां तो सर्वांना पाठ होता. असल्या अलिखित मनाईचें स्वरूप मराठी श्रोत्यास निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. न्यूयॉर्कच्याच कोलंबिया विद्यापीठांत १९१३ ते १९१६ या काळांत ज्यांनीं अध्ययन केलें, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं १९४६ सालीं डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या कृष्णवर्णीय विद्वानांना पत्र लिहिलें होतें, आणि अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांची व हिंदुस्थानांतील अस्पृश्यांची स्थिति पुष्कळ अंशीं सारखी असल्याचें त्यांत नमूद केलें होतें.

ही मनाई मोडण्याचा निश्चय डॉजर्स संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं केला. त्यांनीं निवडलेला खेळाडू जॅकी रॉबिन्सन हा जॉर्जिया राज्यांत १९१९ सालीं जन्मलेला, विद्यापीठांत शिकलेला आणि सैन्यांत अधिकारी म्हणून राहिलेला तरुण होता. सैन्यांत असतां बसमध्यें मागें जाऊन बसण्यास त्यानें नकार दिला, म्हणून १९४४ सालीं त्याची लष्करी न्यायालयापुढें चौकशी झाली व तींत तो निर्दोष ठरला. अशा मानी माणसाकडून रिकी यांनीं, ऑगस्ट १९४५ मधील पहिल्याच भेटींत, एक अट कबूल करून घेतली. कितीहि अपमान झाला तरी त्यानें उलट उत्तर देतां कामा नये. १९४६ चा हंगाम माँट्रियलच्या दुय्यम संघांत काढल्यावर, १० एप्रिल १९४७ रोजीं त्याला डॉजर्स संघांत घेतल्याचें जाहीर झालें.

आश्चर्याची गोष्ट अशी, कीं त्या दिवशीं ब्रुकलिनकरांना चिंता होती ती निराळीच. संघाचा व्यवस्थापक लिओ ड्यूरोशर याला आदल्याच दिवशीं, म्हणजे ९ एप्रिलला, बेसबॉलच्या आयुक्तांनीं वर्षभरासाठीं दूर केलें होतें. हंगाम तोंडावर आला असतां संघाला धनी नाहीं, हीच काळजी सामान्य चाहत्याला पडली होती.

कृष्णवर्णीय वस्तींतील चाहत्याची काळजी याहून फार खोल होती. फेब्रुवारींत रिकी यांनीं त्या समाजाच्या पुढाऱ्यांना भेटून विनंति केली होती, कीं प्रेक्षकांनीं संयम राखावा. मिरवणुका, जल्लोष, मद्यपान, भांडणें यांनीं या प्रयोगास अपाय होऊं देऊं नये. देवळांतून आणि मंडळांतून त्याप्रमाणें उपदेशहि झाला. ज्या क्षणाची वाट दोन पिढ्यांनीं पाहिली, तो क्षण आला असतां मोकळ्या गळ्यानें ओरडण्याचीहि चोरी! खेळाडूवर जशी मौनाची अट होती, तशीच ती त्याच्या चाहत्यांवरहि होती.

मंगळवार, १५ एप्रिल रोजीं एबेट्स फील्ड या मैदानावर बोस्टन संघाशीं पहिला सामना झाला. मैदानांत सुमारें ३२ हजार लोक मावत. त्या दिवशीं पंचवीस-सव्वीस हजारच आले. शहरांत देवीच्या सांथीची धास्ती होती आणि लाखों लोक टोंचून घेत होते. कारणें कांहींहि असोत, इतिहास घडत असतां हजारों बांकें रिकामीं होतीं. आलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक प्रेक्षक कृष्णवर्णीय होते असा अंदाज आहे.

चमत्कार पाहावयास आलेल्यांची निराशाच झाली. रॉबिन्सन पहिल्या तिन्ही पाळ्यांत बाद झाला. सातव्या डावांत बोस्टनची एका धांवेची आघाडी होती. एडी स्टँकी पहिल्या ठाण्यावर असतां रॉबिन्सननें फळी नुसती चेंडूला लावून तो हळूच पुढें सोडला आणि धांव घेतली. त्याला बाद करण्यासाठीं फेंकलेला चेंडू त्याच्याच अंगाला लागून दूर गेला, आणि दोघेहि एकेक ठाणें पुढें सरकले. मागून पीट रायझरनें जोराचा टोला मारतांच दोघेहि घरीं परतले. सामना डॉजर्सनीं ५–३ असा जिंकला, आणि आघाडीची धांव रॉबिन्सनची ठरली. गोऱ्या चाहत्याच्या मनांतली पहिली गांठ कदाचित् येथेंच सैल झाली असेल. त्यानें कांहीं समतेचें व्याख्यान ऐकलें नव्हतें. त्यानें फक्त आपल्या संघाची धांव मोजली, आणि ती धांव कोणाच्या पायांनीं आली हें मागाहून त्याच्या ध्यानांत आलें.

गुरुवारीं, १७ एप्रिलला, दुसरा सामना डॉजर्सनीं १२–६ असा जिंकला. रॉबिन्सनचा पहिला यशस्वी टोला त्याच दिवशीं लागला. पण तोहि गगनभेदी नव्हता, तर हळूच पुढें सोडलेलाच चेंडू होता. शुक्रवारीं १८ तारखेस संघ पोलो ग्राउंड्सवर, जायंट्स या जुन्या हाडवैऱ्यांच्या घरीं गेला. बर्ट शॉटन या वृद्ध गृहस्थांनीं त्या दिवशीं व्यवस्थापकाचें काम हातीं घेतलें. हें मैदान हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीच्या उत्तरेच्या टोंकाला होतें. डॉजर्स १०–४ असे हरले; पण रॉबिन्सननें चेंडू थेट कुंपणाबाहेर टोलवून आपली पहिली ‘होम रन’ नोंदविली. शनिवारीं तर ५२ हजारांहून अधिक लोक लोटले. तो सामनाहि ब्रुकलिनकर ४–३ असा हरले. घरीं परततांना ब्रुकलिनचा जुना चाहता दोन पराभवांनीं खट्टू होता, आणि हार्लेमचा नवा चाहता एका टोल्यानें हर्षभरित होता. एकाच संघाचे हे दोन चाहते अद्याप दोन निरनिराळे सामने पाहत होते.

मैदानावर न जाणाऱ्या हजारों घरांना हा आठवडा ऐकूं आला तो रेडिओवरून. डॉजर्सचा निवेदक रेड बार्बर हा दक्षिणेंत, मिसिसिपींत जन्मलेला व फ्लोरिडांत वाढलेला. वर्णभेद तेथें हवेप्रमाणें सर्वत्र होता. रिकी यांनीं १९४५ सालीं आपला बेत त्याला विश्वासानें सांगितला, तेव्हां नोकरी सोडून द्यावी असें प्रथम त्याच्या मनानें घेतलें. मागून त्यानें विचार केला, कीं आपलें काम समोर घडणारा खेळ जसाच्या तसा सांगण्याचें आहे, खेळणाऱ्याचा न्याय करण्याचें नव्हे. संस्कारांपेक्षां कर्तव्य मोठें ठरलें, आणि त्याचा तो परिचित दाक्षिणात्य आवाज या नव्या खेळाडूचे टोले इतरांच्या टोल्यांसारखेच घरोघर पोंचवूं लागला.

खरी कसोटी आठव्या दिवशीं लागली. मंगळवार, २२ एप्रिलला फिलाडेल्फियाचा संघ एबेट्स फील्डवर आला. त्याचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे कांहीं खेळाडू यांनीं रॉबिन्सनवर अशा घाणेरड्या शिव्यांचा भडिमार केला, कीं आपला सारा संयम त्या दिवशीं सुटण्याच्या बेतास आला होता असें रॉबिन्सननें पुढें लिहून ठेवलें आहे. त्यानें उत्तर दिलें तें पायांनीं. आठव्या डावांत तो पहिल्या ठाण्यावर पोंचला, त्यानें दुसरें ठाणें चोरलें, प्रतिपक्षाच्या चुकीच्या फेंकीवर तिसरें गांठलें आणि जीन हर्मान्स्कीच्या टोल्यावर तो घरीं आला. सामन्यांतील ती एकमेव धांव होती.

परंतु त्या मालिकेंतील अधिक महत्त्वाची घटना धांवफलकावर दिसली नाहीं. शिव्या चालूच राहिल्या, तेव्हां स्टँकीला राहवलें नाहीं. तो अलाबामांत राहणारा, आणि रॉबिन्सनच्या येण्याला प्रथम अनुकूल नसलेला. पण ज्याला उत्तर देण्याची मुभा नाहीं त्याच्यावर तोंड टाकणें हा भेकडपणा आहे, असें त्यानें प्रतिपक्षाला खडसावलें. आणि फिलाडेल्फियाच्या बांकाजवळ बसलेल्या प्रेक्षकांपैकीं कित्येकांनीं घरीं जाऊन लेखणी उचलली व बेसबॉलच्या आयुक्तांकडे निषेधाचीं पत्रें धाडलीं. फिलाडेल्फियाच्या संघाला त्यानंतर ताकीद मिळाली.

संघ एक करण्याचें काम चॅपमननें सर्वांहून अधिक केलें, असें रिकी पुढें म्हणत. प्रेक्षकांच्या बाबतींतहि तेंच म्हणतां येईल. पहिल्या दिवशीं रॉबिन्सन हा कांहींना नवलाचा, कांहींना नावडता आणि कांहींना देवासारखा होता. आठव्या दिवशीं परक्यांनीं त्याला शिव्या दिल्या, आणि आपल्या घरच्या माणसाला शिवी दिली म्हणून ब्रुकलिनकरांना राग आला. ज्याच्यासाठीं राग येतो तो आपला झालेला असतो.

तथापि या राग-लोभाची मर्यादा ओळखली पाहिजे. मैदानावर टाळ्या पडत होत्या त्याच दिवसांत रॉबिन्सन आपली पत्नी व पांच महिन्यांचें मूल घेऊन मॅनहॅटनमधील एका हॉटेलच्या खोलींत राहत होता. धमक्यांचीं पत्रें त्या सालीं त्याला येतच राहिलीं. आणि अपमान गिळण्याची अट होती ती एकट्यावरच. शिवी देणाऱ्यावर तशी कोणतीच अट नव्हती. समतेची किंमत जिच्यावर अन्याय झाला तिच बाजू प्रथम मोजते, हा इतिहासाचा कडू नियम येथेंहि चुकला नाहीं.

त्या वर्षीं १८ लाखांहून अधिक प्रेक्षक एबेट्स फील्डवर आले. इतके पूर्वीं कधींच आले नव्हते. डॉजर्स आपल्या संघसमूहांत पहिले आले आणि अखेरच्या मालिकेंत पुन्हां यांकीजकडून हरले. ब्रुकलिनचें तें ‘पुढचें वर्ष’ १९५५ सालीं उजाडलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९५७ चा हंगाम संपतांच, मालकांनीं संघ लॉस एंजेलिसला नेला. १९६० सालीं मैदान पाडण्यांत आलें आणि तेथें राहण्याच्या इमारती उभ्या राहिल्या. रॉबिन्सन १९७२ सालीं वारला.

त्याच्या पाठीवरचा ४२ हा आंकडा १९९७ सालीं सर्व प्रमुख संघांनीं कायमचा राखून ठेवला. आतां दरवर्षीं १५ एप्रिलला प्रत्येक खेळाडू, मग तो कोणत्याहि संघाचा वा वर्णाचा असो, तोच आंकडा पाठीवर घेऊन मैदानांत उतरतो. त्या दिवशीं आठवण होते ती एकट्या खेळाडूचीच. पण संयमानें टाळ्या वाजविणारी कृष्णवर्णीय वस्ती आणि शिव्या ऐकून पत्र लिहावयास बसलेला तो अनामिक ब्रुकलिनकर, यांनाहि त्या आंकड्यांत थोडा वांटा आहे.