जुनी आलिशान सेडान : लेक्सस की मर्सिडीज?

१/ गाडीतले दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. जुन्या गाड्यांच्या बाजारातील हा पेच अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली मांडला. १९९० च्या दशकातील दोन सेडान गाड्यांच्या इतिहासात तो नेमका दिसतो.

२/ १९८३ साली टोयोटाच्या एजी टोयोदांनी जगातील सर्वोत्तम गाड्यांच्या तोडीची सेडान घडवण्याचे आव्हान अभियंत्यांपुढे ठेवले. जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटला लेक्सस एलएस ४०० अवतरली.

३/ त्याच डिसेंबरात सुमारे ८,००० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. कंपनीने त्या मालकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊन परत पोहोचवल्या. नाचक्की टळलीच, उलट पत वाढली.

४/ १९९१ साली मर्सिडीजची नवी एस-क्लास आली. दुहेरी काचांच्या खिडक्या, १२ सिलिंडरांचे इंजिन. वैभवात ती सरस होती. पुढे मात्र त्या काळच्या अनेक मर्सिडीज गाड्यांत वायरिंगचे आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन तडकू लागले.

५/ काळाबरोबर गाडीची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. म्हणूनच जुन्या बाजारात साध्या रूपाच्या लेक्ससचा भरवसा वाटतो. एस-क्लासच हवी असेल, तर वायरिंग बदलल्याची नोंद आधी पाहावी. अकरलॉफच्या पेचातून वाट काढणारा कागद तोच.